फेरी कोणी बंद केली

फेरी बंद करायची सूचना कंपनीची नव्हती. ती माझी होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या बाईंना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्यांनाही नाही. त्या अजून मला 'बिचारे सावंत' म्हणतात.

संपादक फोनवर म्हणाले होते, "तुमच्या त्या इंटरनेटच्या नोकरीतले किस्से लिहा. चमत्कारिक माणसं भेटली असतील." भेटली. त्यातलं सर्वांत चमत्कारिक कोण, ते वाचून झाल्यावर ठरवा.

आधी फेरी म्हणजे काय ते सांगतो. पूर्वी टीव्हीवर 'धक्का क्रमांक नऊ' नावाची मालिका लागायची. कोकणातल्या एका बंदरावरची गोष्ट. कस्टममधली एक अधिकारी बाई, लाँच चालवणारा एक तांडेल आणि रात्री उतरणारा चोरटा माल. वाहिनीने ती एक दिवस मध्येच गुंडाळली. शेवटच्या भागात बाई धुक्यात लाँचवर चढते, लाँच सुटते आणि पडद्यावर नावं सरकायला लागतात. बाई परत आली की नाही, तांडेल फितूर होता की नाही, काही सांगितलं नाही. वाहिनीला त्याचं काही वाटलं नसेल. आम्हाला वाटलं.

घाटकोपरच्या एका इंजिनियर मुलाने मग 'धक्का' नावाची साइट काढली. तिथे जमणारे आम्ही स्वतःला धक्केकर म्हणवायचो. साइटवर दोन दालनं होती. एक चावडी. तिथे मालिकेतल्या नटनट्यांची लफडी, भांडणं, कोण जाड झालं, कोण कुणाबरोबर दिसलं, असला मजकूर. दुसरी फेरी. फेरीत गोष्ट पुढे चालायची. एकाने एक भाग लिहायचा, खाली लिहायचं 'दोरी घ्या' आणि पुढच्याचं नाव. मालिकेतला तांडेल लाँच धक्क्याला लावताना तसं ओरडायचा. नाव घेतलेल्या माणसाने उत्तर द्यायचं, 'घेतली.' एकदा घेतली म्हटलं की भाग लिहायचाच. घरात लग्न असो, दुखणं असो. उशीर चालायचा, पण दोरी पाण्यात पडू द्यायची नाही. कुणी हा नियम कुठे लिहिला नव्हता. वर्षानुवर्षं तो पाळला गेला. बाहेरच्याला हा सगळा रिकामटेकडेपणा वाटेल. वाटू दे. मी पुढे ज्या काचेच्या इमारतीत नोकरी केली, तिथे लिहून, सही करून दिलेला शब्दही कुणी पाळताना मी पाहिला नाही.

मी एका दैनिकात प्रूफरीडर होतो. संध्याकाळी मुलुंडला घरी येऊन धक्क्यावर फुकट पहारा करायचो. कुणी वेडंवाकडं लिहिलं तर काढायचं, भांडण लागलं तर सोडवायचं. पुढे दैनिकाने प्रूफरीडर हे पदच रद्द केलं. त्याच सुमारास इंजिनियर मुलाची आई अंथरुणाला खिळली, त्याला साइट सांभाळणं जमेना, आणि त्याने ती अंधेरीतल्या एका कंपनीला विकली. विकताना त्याने एकच अट घातली, सावंतांना कामावर घ्या. म्हणून पन्नाशीच्या दारात मला ती नोकरी मिळाली. जे फुकट करत होतो त्याचा पगार सुरू झाला. इथेच काहीतरी बिघडलं, पण तेव्हा पेढे वाटले.

काम सोपं होतं, म्हणजे सांगायला. लोकांनी लिहिलेला जो मजकूर संशयास्पद वाटेल तो आमच्या पडद्यावर एकाखाली एक येतो. तीन बटणं असतात: ठेवा, काढा, वर पाठवा. एक ओळ वाचायची, बटण दाबायचं, पुढची ओळ. संशय कोणाला येतो? कधी वाचकाला, तो तक्रार करतो. बहुतेक वेळा यंत्राला. यंत्राला शब्दांची शिकवण दिलेली असते. तो शब्द दिसला की ते लाल खूण करतं. आणि आम्ही ज्याला काही कळवू त्या पत्राखाली सही एकच: 'टीम'. माणसाचं नाव कधीही घालायचं नाही. हे मला सुरुवातीला फार आवडलं. आमच्या घरात गप राहणं हाच धर्म होता. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हाही ते मला एवढंच म्हणाले होते, "गप रव." टीम नावाच्या पांघरुणात मी छान गप राहिलो.

यंत्राचा पहिला पराक्रम सांगतो. ते आणलं दुसऱ्या मालकांनी, म्हणजे पहिल्या कंपनीचा निम्मा हिस्सा घेतलेल्यांनी. बसवल्यावर पहिल्याच सोमवारी बोरिवलीच्या कुंदाताईंचं खातं बंद. कारण: प्रतिबंधित मालाची खरेदीविक्री. कुंदाताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, गुडघे दुखतात म्हणून दुसऱ्या मजल्यावरून खाली न उतरणाऱ्या. त्यांनी फेरीत लिहिलं होतं की सोन्याची बिस्किटं बोंबलाच्या पाटीत लपवून पहाटे गोराईला उतरवली. त्यांच्या मागोमाग खुद्द गोराईचे ॲल्विन बंद. ते फेरीबोटीवर काम करायचे आणि गोष्टीतली भरती-ओहोटी तपासून द्यायचे. त्यांनी लिहिलं होतं, "त्या वेळेला खाडीत पाणी नसतं, माल उतरणार नाही, दोन तास थांबा." यंत्राच्या हिशेबाने हा तर टोळीचा म्होरक्या.

कुंदाताईंचा फोन आला.

"सावंत, मी स्मगलर झाले म्हणे."

"ताई, यंत्राची चूक आहे. लगेच सोडवतो."

"सोडवा, पण सावकाश. हे खूश आहेत. बिल्डिंगमध्ये सांगत सुटलेत, बायको अंडरग्राउंड आहे म्हणून."

आम्ही पोट धरून हसलो. मी दोघांची खाती सुरू करून दिली. पण लाल खुणा पुसायची सोय नव्हती. गोष्टच चोरट्या मालाची, तेव्हा फेरीतला भाग न् भाग लाल होत गेला. मी वर कळवायला हवं होतं की ही कथा आहे, हिच्यावर यंत्र लावू नका. 'वर पाठवा' हे बटणच त्यासाठी होतं. मी म्हटलं, कशाला. खाती तर चालू आहेत.

चावडीचं बघणाऱ्या प्रज्ञाला मात्र हसायला काही नव्हतं. प्रज्ञा कांबळे घाटकोपरची, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायची. वयाने माझ्याहून बरीच लहान, पण पहिल्या दिवसापासून अरे-तुरे. "तुला अहो म्हटलं तर तू अजून गप बसशील," असं कारण तिने दिलं होतं. चावडीवर एका नटीच्या मागे एक टोळकं लागलं होतं. तिचं शरीर, तिची जात, तिची आई, काहीही सुटत नव्हतं. प्रज्ञा ते दिवसभर वाचायची. काढलं की दुसऱ्या नावाने पुन्हा यायचं. मग कुणीतरी ओळखलं की काढणारीचं आडनाव काय असेल, आणि गाड्या तिच्यावर वळल्या. जेवणाचा डबा उघडून ती नुसती बसून राहायची.

"सावंत, मी रिपोर्ट दिलाय. चावडी बंद करा म्हणून. तू सिनियर आहेस, तू खाली एक ओळ लिही ना."

"लिहितो."

"कधी?"

"बघतो ना गं."

"तू बघतोसच फक्त."

चावडी बंद होणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. साइटवर सगळ्यांत जास्त माणसं तिथे यायची, जाहिराती तिथे चालायच्या. वरचे लोक मीटिंगमध्ये 'कम्युनिटी' हा शब्द जेवढ्या वेळा वापरायचे तेवढ्या वेळा मी आरतीत देवाचं नाव ऐकलेलं नाही. त्यांच्या लेखी आम्ही धक्केकर म्हणजे खोलीबरोबर मिळालेलं फर्निचर. आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेलं. ठेवलं तर ठेवलं, नाहीतर भंगारवाल्याला.

मग तिसऱ्या मालकांची बोलणी सुरू झाली. ते मोठे होते, आणि विकत घेण्याआधी तपासणी करणार होते. लाल खुणा जास्त दिसल्या तर सौदा फिसकटणार. आमचा साहेब निखिल, तिशीतला, हसतमुख, मला 'सावंत सर' म्हणायचा आणि तसं म्हणताना फोनमध्ये बघायचा. त्याने मला एकट्याला काचेच्या खोलीत बोलावलं.

"सर, दोन सेक्शन लाल आहेत. चावडी आणि फेरी. एक तरी उडवावं लागेल, नाहीतर स्कोअर बसत नाही. तुम्ही जुने आहात, लोकांना ओळखता. कुठलं उडवलं तर कमी बोंबाबोंब होईल?"

या प्रश्नाला खरं उत्तर एका वाक्यात होतं. फेरीचा लाल रंग खोटा आहे, चावडीचा खरा आहे. ते उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, हे मला आजही आठवतं. पण चावडी गेली तर साइटवरची माणसं निम्मी होणार, मग पहारेकरी निम्मे होणार, आणि सर्वांत म्हातारा पहारेकरी मी. शिवाय चावडीवाले भांडले असते. ही सूचना माझी, हे त्यांनी शोधून काढलं असतं. मला भीती वाटली.

मी म्हणालो, "फेरी. तिथली माणसं भांडणार नाहीत."

"पर्फेक्ट," निखिल म्हणाला. "आणि आधी काही सांगू नका. उगाच लोक पॅनिक होतात, आपापलं लिखाण परत मागायला लागतात."

म्हणजे बघा. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांना मी ठेवलं, कारण ते शिव्या देतात. जे सभ्य होते त्यांना हाकललं, कारण ते सभ्य आहेत. इतकी वर्षं पहारा करून मी हा न्याय शिकलो. आज लिहितानाही कानशिलं तापतात. निखिलवर तापतात, मालकांवर तापतात, ज्यांनी धक्का कधी उघडूनही पाहिला नाही त्या खरेदीदारांवर तापतात. पण निखिलने फक्त विचारलं होतं. बोट मी दाखवलं.

मधल्या काळात कुंदाताईंचे यजमान गेले. तेही धक्केकर होते, 'भोंगा' नावाने लिहायचे. शेवटचा भाग त्यांनी हॉस्पिटलमधून लिहिला, मोबाइलवर, एका बोटाने. खाली लिहिलं होतं, 'दोरी घ्या, सावंत.' मी लिहिलं, 'घेतली.' तेराव्यानंतर कुंदाताईंचा फोन आला.

"सावंत, कुणीतरी म्हणत होतं की साइट विकतायत. यांचे भाग राहतील ना तिथे?"

काचेच्या खोलीतली मीटिंग आदल्याच दिवशी झाली होती.

"राहतील ताई. मी आहे ना."

"नाही, त्याचं काय आहे, यांचा शेवटचा भाग मी एकदाच वाचलाय. पुन्हा वाचवत नाही अजून. म्हटलं, आहे तिथे. धीर झाला की वाचेन."

मी म्हणालो, "सावकाश वाचा. घाई काय आहे."

हे वाक्य मी उच्चारलं. 'टीम'ने नाही.

त्या वेळी मी एक साधी गोष्ट करू शकलो असतो. त्यांचे भाग उतरवून घेऊन त्यांना पाठवायचे. सभासदांना मजकूर कॉपी करणं दुसऱ्या मालकांनी बंद केलं होतं, कुणी चोरू नये म्हणून. चोरीचा केवढा तो तिटकारा. पण मला परवानगी होती. फक्त कुणी काय उतरवलं याची नोंद राहायची, आणि ती नोंद कुणी बघेल या भीतीने मी उतरवलं नाही. कुणीही बघितली नसती. तिथे कुणी काहीच बघत नव्हतं.

फेरी काढायचं कामही माझ्याकडेच आलं, कारण अख्खं दालन काढायचा अधिकार सिनियर पहारेकऱ्याला होता. एका बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर मी बसलो. काढायच्या आधी भोंग्याचा शेवटचा भाग उघडला. धुकं होतं, लाँच होती, बाईच्या हातात कंदील होता. तो भाग कसा संपतो ते मी नीट वाचलं. दोनदा वाचलं. मग बटण दाबलं. 'हे परत आणता येणार नाही, खात्री आहे का?' असं विचारणारी चौकट येते. मी 'हो' दाबलं.

सभासदांना पत्र गेलं: 'आपला अनुभव अधिक सुरक्षित करण्यासाठी काही विभाग बंद करण्यात आले आहेत. — टीम.' त्याचा मसुदा माझाच. जुना प्रूफरीडर असल्यामुळे त्यात एकही चूक नव्हती.

मी म्हटलं होतं तसंच झालं. फेरीवाले भांडले नाहीत. चावडीवर येऊन त्यांनी एकेक ओळ लिहिली. इतकी वर्षं सांभाळलंत, आभारी आहोत. काहींनी माझं नाव घेऊन आभार मानले. मग खाती बंद करून निघून गेले, एकामागून एक, पंगतीतून उठावं तसे. मला वाटलं होतं ते चावडीवर स्थिरावतील. त्यांना ओळखतो म्हणून मला विचारलं होतं, आणि मी त्यांना एवढंही ओळखलं नव्हतं.

फेरी काढली त्याच संध्याकाळी प्रज्ञाने घरी निघताना पर्स उचलली.

"सावंत, चावडी ठेवली आणि फेरी काढली. कुणाच्या डोक्यातून निघालं रे हे?"

"वरून आलं."

"वरून," ती म्हणाली. "बरं." पुढच्या आठवड्यात तिने राजीनामा दिला. तिने मागितलेली ती एक ओळ मी शेवटपर्यंत लिहिली नव्हती.

पुढचं ऐकून बरं वाटेल कुणाला. फेरी गेल्यावर चावडी सहा महिनेही टिकली नाही. लोक यायचे फेरीचा नवा भाग वाचायला, आणि जाता जाता चावडीवर चिखल उडवून जायचे. भागच नाही म्हटल्यावर चिखल उडवायला तरी कोण येणार. टोळकं दुसरीकडे गेलं. तिसऱ्या मालकांनी साइट घेतली, पाहिली, आणि एका शुक्रवारी कायमची बंद केली. मलाही एक पत्र आलं, खाली सही 'टीम'. मजकुरात दोन चुका होत्या.

खरं म्हणजे इथे किस्सा संपायला हवा होता. पण गेल्या वर्षी कुंदाताईंचा फोन आला.

"सावंत, या रविवारी बोरिवलीला या. आम्ही नवीन साइट काढलीय. छोटीच आहे. या वेळी मालक नाही, सगळ्यांची मिळून."

गेलो. नाही कसं म्हणणार. त्यांच्या हॉलमध्ये ओळखीची नावं पहिल्यांदाच चेहरे घेऊन बसली होती. ॲल्विन मोठ्याने म्हणाले, "आला बघा, मला स्मगलर ठरवणारा," आणि सगळे हसले. कुंदाताईंनी खोबऱ्याच्या वड्यांची ताटली माझ्या हातात दिली.

"त्यांना बोलू नका रे. त्यांनी किती प्रयत्न केले असतील. बिचारे सावंत. कंपनीपुढे एकट्या माणसाचं काय चालणार?"

मी वडी खाल्ली.

त्यांचं काम मोठं होतं. जुनी फेरी आठवून पुन्हा लिहायची. ज्याला आपला भाग जसा आठवेल तसा. काहींचे बरेचसे परत आले होते. जे हयात नव्हते त्यांचे बाकीच्यांनी मिळून जुळवले होते. भोंग्याचेही बहुतेक जुळले होते. शेवटचा सोडून. तो बाकीच्यांनीही एकदाच वाचला होता, आणि तेव्हा तो गोष्ट म्हणून नाही, त्यांची तब्येत कशी आहे ते कळावं म्हणून वाचला होता. आणि तो नसल्याने पुढचं सगळं अडलं होतं.

कुंदाताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला एवढंच आठवतं की कंदील होता. बाई तो कुणाला तरी देते, की पाण्यात टाकते? मी रडत वाचलं हो, डोक्यात काही शिरलंच नाही. दोरी तुम्हाला दिली होती यांनी. तुम्ही वाचला असेल. आठवतं?"

मला शब्दन् शब्द आठवत होता. आणि आठवतं म्हटलं असतं तर त्यांचा पुढचा प्रश्न साधा होता: इतकं नीट कधी वाचलंत? त्याचं खरं उत्तर होतं, काढायचं बटण दाबायच्या आधी.

"नाही ताई," मी म्हणालो. "फार दिवस झाले."

"चालायचंच," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी धीर देण्यासारखा माणूस वाटलो त्यांना.

तेव्हापासून ती गोष्ट अडून आहे. नव्या साइटवर मी रोज बघतो. भोंग्याच्या शेवटच्या भागाची जागा त्यांनी मोकळी ठेवली आहे आणि खाली एवढंच लिहिलं आहे, 'दोरी घ्या, सावंत.' मी तिथे अजून काही लिहिलेलं नाही.

हा अंक कुंदाताईंच्या घरी येतो. यजमान असताना दोघं वाटून वाचायचे, त्यांनीच मला सांगितलं होतं. म्हणजे हे त्या वाचतील. पण छापून सांगणं म्हणजे पुन्हा 'टीम'ची सही केल्यासारखंच आहे. म्हणून अंक त्यांच्या हातात पडायच्या आधी मी बोरिवलीला जाणार आहे. त्यांनी दार लावून घेतलं तरी त्याआधी दोन वाक्यं बोलून होतील.

प्रज्ञाला मी एक ओळ देणं लागतो: चावडी बंद करा, ती बरोबर सांगते आहे. आता त्या ओळीचा तिला काही उपयोग नाही, तरी देणं आहे.

कुंदाताईंचं देणं मोठं आहे. बाई कंदिलाचं काय करते ते मी इथे लिहीत नाही. ते वाचकांचं नाही, माझंही नाही. त्यांच्या समोर बसून, यजमानांनी लिहिलं होतं तसं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ते तोंडी सांगायचं बाकी आहे. आणि ते संपलं की त्यापुढचा एक भाग, जो मी लिहीन म्हणालो होतो.